औषधाभोवतीची भिंत : इटलीतील प्लॅस्टिक वेष्टनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी काचेच्या लहानशा बाटलीत का ठेवावी लागते, हा प्रश्न औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी विचारायला हवा. या गोळीतले औषध साध्या तापमानालाही हळूहळू उडून जाते आणि डबी प्लॅस्टिकची असेल तर तिच्या भिंतीत मुरते. गोळीचा रंग, आकार, चकाकी तशीच राहते. गरज पडते तेव्हा मात्र ती पुरेशी लागू पडत नाही. तेच औषध शिरेतून द्यायचे झाले तर पीव्हीसीची पिशवी आणि नळी त्यातला बराच भाग वाटेतच शोषून घेतात. भांडे म्हणजे औषधाच्या बाहेरची वस्तू, ही आपली रोजची समजूत त्यामुळे टिकत नाही. भांड्याची आणि औषधाची सतत देवघेव चालते. भांडे औषधातले काही घेते, स्वतःतले काही त्यात सोडते, बाहेरची ओल आणि प्राणवायू थोडाथोडा आत येऊ देते. ही देवघेव मोजायची, तिला मर्यादा घालायची आणि लाखो नगांत ती मर्यादा सारखी राखायची, हा या शाखेचा विषय. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनालाही तो तितकाच लागू आहे.

या विषयात शिरायला आम्ही इटलीची वाट निवडली आहे. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका, जपान इथेही या क्षेत्रात तोलामोलाचे काम झाले आहे आणि पुढच्या प्रकरणांत त्याचा उल्लेख वारंवार येईल. पण उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात एक वेगळी सोय आहे. प्लॅस्टिकचा रेणू जिथे घडला ती मिलानची प्रयोगशाळा, तो जिथे मोठ्या प्रमाणावर तयार झाला ते फेरारा, वेष्टनयंत्रांचे बोलोन्या, प्रसाधनांचे क्रेमा, वैद्यकीय प्लॅस्टिकचे मिरांदोला आणि ज्या कामगारांनी या पदार्थाची किंमत शरीराने मोजली ते पोर्तो मार्गेरा, ही सगळी ठिकाणे गाडीने काही तासांच्या अंतरावर आहेत. एकाच खोऱ्यात रसायन, लोखंडकाम, वैद्यक, फॅशन आणि न्यायालय यांची गाठ पडलेली दिसते. नवख्या वाचकाला विषयाचा पट एका नजरेत दिसावा, यासाठी इतकी जवळजवळची उदाहरणे दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

सुरुवात ज्युलिओ नात्तापासून करावी लागते. १९०३ साली इंपेरियात जन्मलेला हा रसायन अभियंता मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असे. १९५२ साली फ्रँकफुर्टमध्ये त्याने कार्ल झिगलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे व्याख्यान ऐकले आणि त्या कामाचे मोल ओळखले. मोंतेकातिनी या इटालियन रसायन कंपनीने पाठबळ दिले, झिगलरशी करार झाला. झिगलरने ॲल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगांना टायटेनियमच्या संयुगाची जोड देऊन कमी दाबाखाली पॉलिएथिलीन बनवण्याची किमया साधली होती. तोच उत्प्रेरक नात्ताच्या गटाने प्रोपिलीन वायूवर वापरला आणि ११ मार्च १९५४ रोजी त्यांच्या हाती पॉलिप्रोपिलीन आले. त्यातला काही भाग चिकट, रबरासारखा होता. काही भाग मात्र कडक आणि स्फटिकी.

त्या कडक भागाचे रहस्य रेणूच्या रचनेत होते. पॉलिप्रोपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनला मिथाइलचा एक लहान गट लटकलेला असतो. हे गट साखळीच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला कसेही आले तर साखळ्या एकमेकींशेजारी नीट बसत नाहीत आणि पदार्थ मऊ राहतो. सगळे गट एकाच बाजूला आले तर साखळी मळसूत्रासारखी वळते, दर वेढ्यात तीन घटक बसतात आणि अशा साखळ्या शेजारीशेजारी घट्ट रचल्या जातात. क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडण्यात पाओलो कोर्रादिनीचा मोठा वाटा होता. या एकसारख्या मांडणीला आयसोटॅक्टिक हे नाव मिळाले. ते सुचवण्याचे श्रेय नात्ताची पत्नी रोझिता हिला दिले जाते. १९६३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल झिगलर आणि नात्ता यांना विभागून मिळाले, तेव्हा नात्ता कंपवाताने बराच खचला होता. फिलिप्स पेट्रोलियमच्या दोन संशोधकांनी त्याच्याआधीच स्फटिकी पॉलिप्रोपिलीन मिळवले होते. अमेरिकेतल्या पेटंटचा तो वाद कित्येक वर्षे चालला आणि अखेर फिलिप्सच्या बाजूने सुटला. तरीही नात्ताचे श्रेय मला कमी वाटत नाही. हाती आलेला पदार्थ तसा का वागतो, हे त्याच्या गटाने रेणूपर्यंत जाऊन सांगितले.

औषधाच्या दृष्टीने या सगळ्याचे सार एका आकड्यात येते. आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. निर्जंतुकीकरणाच्या वाफेचे नेहमीचे तापमान १२१ अंश. साधे, कमी घनतेचे पॉलिएथिलीन तिथे टिकत नाही, मऊ होऊन आकार सोडते. पॉलिप्रोपिलीन त्या वाफेतून जसेच्या तसे बाहेर येते. स्वस्त, पाण्यावर तरंगण्याइतके हलके, आम्ल-अल्कलींना दाद न देणारे आणि वाफेत टिकणारे प्लॅस्टिक हाती आल्यावर सिरिंज, झाकणे, प्रयोगशाळेतली पात्रे, सलाइनच्या बाटल्या यांचा विचारच नव्याने करता आला. १९५७ साली फेराराच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि मोप्लेन या नावाने ते इटलीच्या घराघरांत पोचले. दूरचित्रवाणीवर जीनो ब्रामिएरी हा विनोदी नट त्याच्या बादल्या-टोपल्यांची जाहिरात करत असे. त्याच सुमारास, १९५८ साली, कार्तेल या कंपनीने प्रयोगशाळेसाठी प्लॅस्टिकची पात्रे बनवणारा विभाग उघडला. कंपनीचा संस्थापक ज्युलिओ कास्तेल्ली स्वतः रसायन अभियंता होता आणि नात्ताचा विद्यार्थी. पुढे कार्तेलचे नाव खुर्च्या-दिव्यांमुळे गाजले, पण मला तिच्या मोजपात्रांचे आणि पिपेटांचे महत्त्व त्याहून कमी वाटत नाही.

या पदार्थाचा दोषही इथेच सांगायला हवा, कारण पुढची तीन प्रकरणे त्यावर उभी आहेत. पॉलिप्रोपिलीन एकटे जगू शकत नाही. मिथाइल गट ज्या कार्बनला जोडलेला असतो, तिथला हायड्रोजन सहज सुटतो आणि प्राणवायू साखळी तोडू लागतो. म्हणून प्लॅस्टिकच्या कच्च्या दाण्यातच प्रतिऑक्सिडीकारक मिसळावे लागतात. गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे तर आणखी वेगळी तजवीज लागते, नाहीतर वस्तू काही महिन्यांत ठिसूळ होते. ही मिसळलेली रसायने, त्यांचे झिजून झालेले तुकडे आणि साच्यातून माल सुटावा म्हणून घातलेले पदार्थ औषधात उतरू शकतात. किती उतरतात, कोणते उतरतात, कोणत्या तापमानाला आणि किती काळात, याचा शोध हा आजच्या वेष्टनविज्ञानाचा सर्वात कष्टाचा भाग आहे. युरोपीय औषधकोशाच्या तिसऱ्या प्रकरणात कोणत्या प्लॅस्टिकमध्ये कोणती पूरके किती प्रमाणात चालतील हे लिहून ठेवले आहे. विद्यार्थ्यांना ते रूक्ष वाटते. पण त्यातली प्रत्येक ओळ कुठल्यातरी अनुभवातून आलेली आहे हे ध्यानात ठेवले, तर वाचन सोपे जाते.

आता हातात शांपूच्या किंवा मलमाच्या बाटलीचे उघडझाप होणारे टोपण घ्या. बूड आणि झाकण एकाच तुकड्यात आहेत, मध्ये कागदासारखी पातळ बिजागरी. अशी बिजागरी पॉलिप्रोपिलीनचीच का करतात? साच्यात वितळलेले प्लॅस्टिक त्या चिंचोळ्या जागेतून पलीकडे जाताना त्याच्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने लांब होतात, आणि तुकडा गरम असतानाच एकदा दुमडला की त्या आणखी ताणल्या जाऊन एका दिशेत लागतात. त्यामुळे ती पट्टी हजारो वेळा वाकूनही तुटत नाही. त्याच टोपणाच्या आत पाहा. एक बारीक टिंब दिसेल, तिथून प्लॅस्टिक साच्यात शिरले. एक पुसट रेघ दिसेल, तिथे साच्याचे दोन भाग मिळाले. एक लहान आकडा असेल, तो साच्यातल्या पोकळीचा क्रमांक. एका साच्यात चोवीस, अठ्ठेचाळीस, कधी त्याहूनही जास्त पोकळ्या असतात. टोपण गळते अशी तक्रार आली की पहिली चौकशी त्या आकड्याची होते. एकाच पोकळीतली टोपणे गळत असतील तर दोष लोखंडात आहे. सगळ्या पोकळ्यांतली गळत असतील तर दाण्यात किंवा यंत्राच्या जुळणीत. इटलीत ब्रेशा आणि बेर्गामोच्या परिसरात साचे घडवणाऱ्या कारागिरांचे दाट जाळे आहे. या उद्योगाची अचूकता शेवटी त्यांच्या हातावर उभी आहे.

वेष्टन बनवणे हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे ते भरणे आणि मिटवणे, आणि त्यासाठी बोलोन्याला जावे लागते. या शहराभोवतीच्या पट्ट्याला वेष्टनयंत्रांचे खोरे म्हणतात. १९२४ साली इथे आक्मा ही कंपनी निघाली. तिथे शिकलेल्या तंत्रज्ञांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले आणि फांदीला फांदी फुटावी तसे हे क्षेत्र वाढत गेले. १९६१ साली इमा आली. चहाच्या पुड्यांची यंत्रे आणि गोळ्यांच्या स्ट्रिपची यंत्रे या दोन्हींत तिचे नाव झाले. १९७४ साली प्यानोरोत मार्केझिनी ही कंपनी सुरू झाली. काही लेखक या परंपरेचा धागा बोलोन्याच्या जुन्या पाणचक्क्यांवर चालणाऱ्या रेशीमगिरण्यांपर्यंत नेतात. ते वाचायला रम्य आहे, पण मला त्यापेक्षा आल्दिनी-वालेरियानी या तंत्रशाळेचे महत्त्व अधिक वाटते. एकोणिसाव्या शतकापासून या शाळेने शहरातल्या मुलांना आरेखन, लेथकाम आणि यंत्ररचना शिकवली. यंत्रांचे खोरे शाळेतून उभे राहते. आपल्याकडे अशी आखणी करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे असे मला मनापासून वाटते. बोलोन्यापासून थोड्याच अंतरावर इमोला आहे. तिथे १९१९ साली काही मेकॅनिक आणि लोहारांनी एकत्र येऊन साक्मी ही सहकारी संस्था काढली. फरशांच्या यंत्रांसाठी ती जगभर गेली आणि प्लॅस्टिकची झाकणे दाबून घडवण्याच्या पद्धतीतही तिने आघाडी घेतली. या पद्धतीत वितळलेल्या प्लॅस्टिकचा मोजका गोळा साच्यात पडतो आणि वरून दाबला जातो. दाणा तुलनेने कमी तापवावा लागतो, टोपणावर प्रवेशाचे टिंबही राहत नाही. महाराष्ट्रातल्या सहकाराशी परिचय असलेल्या वाचकाने साक्मीचे प्रकरण सावकाश वाचावे. सहकारी मालकी आणि अचूक यंत्रनिर्मिती शंभर वर्षे हातात हात घालून चालू शकतात, याचा तो पुरावा आहे.

झाकणांच्या प्रकरणाला आम्ही मुद्दाम जास्त पाने दिली आहेत. अमेरिकेत १९७० साली विषबाधा रोखणाऱ्या वेष्टनांचा कायदा झाला आणि लहान मुलाला उघडता येणार नाही असे झाकण ही सार्वजनिक आरोग्याची बाब बनली. दाबून मग फिरवायचे टोपण त्यातूनच रुळले : आत एक, बाहेर एक अशी दोन कवचे, दाबल्याशिवाय त्यांचे दाते एकमेकांत बसत नाहीत आणि बाहेरचे नुसते गरगरत राहते. आय.एस.ओ. ८३१७ या मानकानुसार त्याची परीक्षा खऱ्या मुलांकडून होते. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बाटली देतात. पहिल्या पाच मिनिटांत निदान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मग एकदा न बोलता उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटे देतात. शेवटीही निदान ८० टक्के मुले अडलेली राहिली पाहिजेत. हेच टोपण ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी ९० टक्क्यांना उघडता आले पाहिजे. एकाच वस्तूने एका हाताला अडवायचे आणि दुसऱ्याला वाट द्यायची. इटलीसारख्या वयस्कर होत चाललेल्या देशात दुसरी अट दिवसेंदिवस अधिक जड होते आहे, कारण सांधे दुखणारे सत्तरीपुढचे रुग्णच औषधे सर्वाधिक घेतात आणि ते या परीक्षेत बसतच नाहीत. याच क्षेत्रातला एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. आलेस्सांद्रियात १९५४ साली सुरू झालेल्या ग्वाला कंपनीने एकदा ओतल्यावर बाटली पुन्हा भरता येणार नाही अशा टोपणांत नाव कमावले. भेसळ रोखण्यासाठी ती मुख्यतः मद्याच्या बाटल्यांवर लागतात आणि कंपनीचा एक कारखाना गोव्यात आहे.

मोदेना जिल्ह्यातल्या मिरांदोलाकडे आता वळू. १९६२ साली मारिओ वेरोनेसी या औषधविक्रेत्याने इथे एकदाच वापरून टाकायच्या वैद्यकीय प्लॅस्टिक साधनांचे काम सुरू केले. तोपर्यंत रबरी नळ्या आणि काच उकळून पुन्हा पुन्हा वापरत. त्यातून पुढे रक्तशुद्धीकरणाची साधने, संचलनाच्या नळ्या, पिशव्या यांचा अख्खा जिल्हा उभा राहिला. २० आणि २९ मे २०१२ च्या भूकंपांनी त्याला जबर हादरा दिला, आणि युरोपातल्या किती दवाखान्यांचे काम या छोट्याशा गावावर अवलंबून आहे हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आले. याच पट्ट्यात डोळ्यांच्या औषधांसाठी एका वेळेपुरत्या प्लॅस्टिकच्या कुप्याही बनतात : पाच-पाचच्या ओळीत जोडलेल्या, मान पिळून उघडायच्या. त्यांचे प्रयोजन साधे आहे. बाटली रोज उघडायची म्हटले की आत जंतुरोधक घालावे लागते, आणि वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्याला ते जंतुरोधकच त्रास देऊ लागते. एका वेळेची कुपी हा पेच सोडवते, पण नवा उभा करते. तिचे पातळ पॉलिएथिलीन पाण्याची वाफ बाहेर जाऊ देते, म्हणून सगळी ओळ पुन्हा ॲल्युमिनियमच्या पाकिटात घालावी लागते. शिवाय मानेचे भोक किती मोठे, कडा कशी, यावर थेंबाचा आकार ठरतो. डोळ्याच्या खोबणीत साधारण ३० मायक्रोलिटर मावतात, थेंब पुष्कळदा त्याहून मोठा पडतो आणि उरलेले गालावर ओघळते. औषधाची मात्रा इथे साचा घडवणारा ठरवतो.

गोळ्यांच्या स्ट्रिपकडे मात्र एका जड प्रकरणातून जावे लागेल. तिचा पारदर्शक भाग बहुधा पीव्हीसीचा असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, मागे ॲल्युमिनियमचा पडदा. पीव्हीसी तयार झाल्यावर बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. ज्या वायूपासून ते बनते तो व्हिनाइल क्लोराइड तसा नाही. तोस्कानातल्या रोसिन्यानोच्या कारखान्यात काम करणारे डॉक्टर पिएर लुईजी व्हियोला यांनी १९७० साली ह्यूस्टनच्या कर्करोग परिषदेत उंदरांवरचे निष्कर्ष मांडले : हा वायू कर्करोग घडवतो. त्यानंतर बोलोन्याजवळ बेंतिवोल्योच्या किल्ल्यात चेझारे माल्तोनी यांनी दीर्घ प्रयोग करून यकृताच्या एका विरळ कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का केला. १९७४ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यातले कामगार नेमक्या त्याच रोगाने गेल्याचे जाहीर झाले आणि जगभर मर्यादा घट्ट झाल्या. व्हेनिससमोरच्या पोर्तो मार्गेरात अशाच कारखान्यातल्या गाब्रिएले बोर्तोलोत्सो या कामगाराने आपल्या सोबत्यांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूंच्या नोंदी स्वतः गोळा केल्या आणि त्या सरकारी वकिलापर्यंत नेल्या. १९९५ साली तो अपघातात गेला. खटला १९९८ साली उभा राहिला, २००१ साली सगळे आरोपी सुटले, २००४ साली अपिलात तो निकाल अंशतः बदलला. वेष्टनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे सहसा येत नाही. माझ्या मते त्याच्याशिवाय पाठ्यपुस्तक अपुरे आहे. वेष्टन रुग्णासाठी किती सुरक्षित आहे, हा प्रश्न आपण उत्तम विचारतो. ते बनवणाऱ्यासाठी किती सुरक्षित होते, हा प्रश्न त्याच वहीत त्याच पानावर यायला हवा.

प्रसाधनांचा भाग हलका समजून कोणी वगळू नये. मिलान, मोंझा, बेर्गामो, लोदी आणि क्रेमोना या जिल्ह्यांत रंग, लिपस्टिक, काजळ बनवणाऱ्या आणि ते भरायच्या डब्या-नळ्या घडवणाऱ्या कंपन्यांची दाटी आहे. जगातल्या प्रसिद्ध ब्रँडांचा माल इथे बनतो आणि त्यावर बनवणाऱ्याचे नाव पुष्कळदा नसते. १९७२ साली स्थापन झालेली इंतेर्कोस ही त्यातली मोठी कंपनी. बोलोन्यात १९६७ पासून कॉस्मोप्रोफ हे प्रदर्शन भरते, तिथे प्रसाधन आणि वेष्टन एकाच छताखाली उभे असतात. क्रेमाजवळच्या कापेर्न्यानिका गावात १९७५ पासून असलेली लुम्सोन ही कंपनी हवा आत न येऊ देणाऱ्या बाटल्यांसाठी ओळखली जाते. नेहमीच्या पंपात जेवढे क्रीम बाहेर येते तेवढी हवा आत जाते. हवाबंद बाटलीत तळाचा दट्ट्या वर सरकतो किंवा आतली पिशवी आकसते, आणि क्रीमला हवा लागतच नाही. जीवनसत्त्व सी सारखे हवेने बिघडणारे घटक त्यामुळे जास्त टिकतात, परिरक्षकेही कमी पुरतात.

मस्काऱ्याची नळी मी वर्गात नेहमी उघडून दाखवतो. नळी, दांडी, ब्रश, टोपण आणि गळ्यात बसवलेली एक मऊ वाटी. सगळी कसोटी त्या वाटीची. तिचे भोक जरा मोठे झाले तर ब्रशवर गोळे येतात, लहान झाले तर ब्रश कोरडा निघतो. पाण्याने न जाणाऱ्या मस्काऱ्यात हलके, उडणारे तेलकट द्रावक असते. ते वाटीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरते, वाटी फुगते आणि भोक बदलते. पहिल्या परिच्छेदातली देवघेव ती हीच. फक्त इथे जीव जात नाही, पापणी खराब होते. म्हणूनच शिकायला प्रसाधने उत्तम. औषधाचे भांडे एकदा मंजूर झाले की नियामकाच्या संमतीशिवाय त्यातला दाणासुद्धा बदलता येत नाही. प्रसाधनांचे वेष्टन दर हंगामाला बदलते. नवा पंप, नवा साचा, नवे मिश्रण आधी क्रीमवर अजमावले जाते आणि टिकले तर त्वचेच्या औषधांकडे जाते. प्रसाधनांना कायदा नाही असे मात्र नाही. युरोपचा १२२३/२००९ हा नियम जुलै २०१३ पासून पूर्णपणे लागू आहे. डबीवर उघड्या बरणीच्या चित्रात जो १२ किंवा ६ आकडा दिसतो, तो उघडल्यानंतर किती महिने वापरावे हे सांगतो, आणि तो आकडा बराचसा वेष्टनाच्या गुणावर ठरतो.

कायद्यांचे प्रकरण वाचताना तारखांची भीती बाळगू नये. दोन-तीन ताण समजले की बाकीचे आपोआप लागते. बनावट औषधांविरुद्ध युरोपने प्रत्येक खोक्याला स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची पद्धत फेब्रुवारी २०१९ पासून आणली. इटलीत सरकारी टाकसाळीची चिकटपट्टी आधीपासून होती, म्हणून तिला सहा वर्षे अधिक मिळाली. दुसरा ताण कचऱ्याचा. २०१९ च्या अखेरीस इटलीने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर किलोला ४५ सेंट असा कर ठरवला, औषधांची वेष्टने आणि वैद्यकीय साधने त्यातून वगळली, आणि तो कर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला. २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतल्या प्लॅस्टिक कणांवर मात्र तिने बंदी घातली. युरोपचा २०२५ चा वेष्टन नियम सर्व वेष्टने २०३० पर्यंत पुनर्चक्रीकरण करण्याजोगी व्हावीत असे सांगतो. औषधाला थेट स्पर्श करणाऱ्या वेष्टनांना त्यातून सवलत आहे. ती सवलत योग्य आहे असे माझे मत आहे, पण ती आळसाला दिलेली नाही. पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम चिकटवून केलेली स्ट्रिप वेगळी करणे अतिशय अवघड आहे. तिच्या जागी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची स्ट्रिप आणायची तर आकार देण्याचे तापमान, यंत्राचा वेग, ओल अडवण्याची ताकद, सगळे नव्याने जुळवावे लागते. आज या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाला पुढची दहा वर्षे पुरेल एवढे काम या एका पानाएवढ्या वस्तूत आहे.

ग्रंथ कसा वाचावा याबद्दल थोडेसे. रसायनाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने टोपणांपासून सुरुवात करावी आणि नात्ताच्या प्रकरणाकडे मागाहून यावे. औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्यांनी याच्या उलट क्रम धरावा. कारखान्यात काम करणाऱ्यांना साचे आणि यंत्रे यांवरच्या प्रकरणांत नवे फारसे मिळणार नाही. त्यांनी देवघेवीच्या मोजमापाचा भाग आणि मार्गेराचे प्रकरण वाचावे अशी विनंती आहे. एक गोष्ट सर्वांसाठी. युरोपात विकायच्या औषधाची दीर्घकालीन चाचणी २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेला होते. उष्ण आणि दमट देशांसाठीची अट ३० अंश आणि ७५ टक्क्यांची आहे, आणि कोकणातल्या जुलैची आर्द्रता त्याच्याही पुढे जाते. मिलानमध्ये उत्तम ठरलेली डबी रत्नागिरीत उत्तम ठरेलच असे नाही. म्हणून सरावाच्या उदाहरणांना प्रयोगशाळा लागू नये असे पाहिले आहे. वाळवलेल्या सिलिका जेलने भरलेल्या चार वेगवेगळ्या डब्या, पुरेसा बारीक वजनकाटा आणि पावसाळ्याचे चार महिने एवढ्यावर पहिला प्रयोग होतो. दर आठवड्याला वजन लिहायचे, आलेख काढायचा आणि कोणती भिंत किती ओल आत घेते ते आकड्यांत मांडायचे. प्रयोगाची कृती आणि नोंदीचा तक्ता पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे. डब्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मांडाव्यात.